एक्केचाळीस कड्या

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचच्या तासाला मी फळ्यावर साल लिहीत होते आणि मागे टक् असा आवाज झाला. वळून पाहिलं तर वर्गाचं दार लागलेलं. कुणी लावलं नव्हतं, आपोआप लागलं होतं. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात करड्या रंगाचा एक हात दुमडून बसला होता, आणि त्याला डोअर क्लोजर म्हणतात हे आठवायला मला एक क्षण लागला. बत्तीस वर्षं मी या विद्यापीठात शिकवते आहे, पण दार बंद असलेला वर्ग मला माहीत नव्हता. व्हरांड्यातली पावलं, जिन्यावरचं हसणं, शेजारच्या वर्गातल्या गणितवाल्या सरांचा खोकला, सगळं एकदम पुसलं गेलं आणि माझाच आवाज मला मोठा ऐकू यायला लागला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, किती शांत वाटतं ना आता." मी म्हटलं, हो, छान वाटतं. दाराला वीतभर रुंदीची काचेची उभी पट्टी होती. तिच्यातून कॅन्टीनमधल्या कपबश्या धुणाऱ्या बाई दिसल्या. खांद्यावर ओला नॅपकिन, हातात बिलांच्या पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही. मंगळवारी आणि गुरुवारी त्या तिथे उभ्या असतात, गेली दोन वर्षं. त्यांनी हँडल पाहिलं, शेजारी कार्ड लावायची काळी डबी पाहिली आणि निघून गेल्या. मी अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं. दाराकडे न जाता वाक्य पुरं केलं, हे आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

व्हरांड्यात उभं राहून ऐकणं ही आमच्याकडे कुणाची मेहेरबानी नव्हती. तो नियम होता. पहिल्या कुलगुरूंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला, नियमावलीत तिसऱ्या क्रमांकावर: तास चालू असताना वर्गाचं दार उघडं राहील, व्हरांड्यातून कुणीही ऐकू शकेल, त्याला नाव, गाव, धंदा विचारला जाणार नाही. आणि त्याच्याखाली एक ओळ, जिच्यावरून तेव्हा म्हणे मोठं रण माजलं होतं: ऐकणाऱ्याला मधे बोलता येणार नाही, मात्र 'ऐकू येत नाही' एवढं म्हणता येईल, आणि तसं म्हटल्यावर शिकवणाऱ्याने शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं पाहिजे. चांगल्या चांगल्या विद्वानांना तो अपमान वाटला होता. दोघं राजीनामा देऊन गेले. पहिल्या कुलगुरूंना सगळे चष्मेवाले म्हणायचे, कारण त्यांच्या चष्म्याची एक काडी कायम दोऱ्याने बांधलेली असायची. त्यांनी दोन्ही राजीनामे त्याच दिवशी मंजूर केले आणि म्हणाले, ज्याला स्वतःचं वाक्य दुसऱ्यांदा म्हणायची लाज वाटते त्याने ते पहिल्यांदा तरी कशाला म्हणावं.

ही इमारत तेव्हा एका बुडालेल्या विमा कंपनीची होती. एकेका कारकुनाला एकेक खोली, आणि प्रत्येक खोलीला आतून लोखंडी कडी, म्हणजे साहेब फिरायला निघाला की आतला माणूस आधी वहीचं पान मिटणार, मग कडी काढणार. एक्केचाळीस खोल्या, एक्केचाळीस कड्या. त्या काढायचं काम माझ्या वडिलांना मिळालं, कारण ते पलीकडच्या गल्लीत सुतारकाम करायचे आणि बोलावल्यावर लगेच आले. मी आठ वर्षांची होते. आई नुकतीच गेली होती आणि मला घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून मी हत्यारांच्या पिशवीशेजारी व्हरांड्यात बसून असायचे. बाबा पेचकस फिरवायचे, स्क्रू माझ्या ओंजळीत टाकायचे. काम चालू असतानाच काही वर्ग भरायला लागले होते. एका वर्गात कुणी बाई आकाशातल्या अंतरांबद्दल सांगत होत्या, आणि मला शेवटचे शब्द कळेनात. बाबांनी नियम ऐकला होता. ते माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "म्हण, ऐकू येत नाही." मी म्हटलं. वर्गातली चाळीस डोकी वळली. त्या बाईंनी दाराकडे पाहिलं, फ्रॉकच्या ओच्यात स्क्रू घेऊन बसलेल्या मला पाहिलं, आणि संपूर्ण वाक्य पहिल्यापासून, सावकाश, पुन्हा म्हटलं. मोठ्या माणसाने माझ्यासाठी काही पुन्हा केल्याचं मला तोवर माहीत नव्हतं. पुढे मी याच व्हरांड्यातून आत गेले, आधी बाकावर, मग फळ्यापाशी. माझ्याबद्दल सांगण्यासारखं आहे ते एवढंच.

आणि आता पन्नासावं वर्ष. महिनाभर विद्यापीठ स्वतःची पाठ थोपटून घेतं आहे. जिन्याच्या भिंतीवर माणूसभर उंचीचे फलक लागले आहेत. संप, मोर्चे, पहिली संध्याकाळची तुकडी, पहिली बसवाहक पदवीधर, तुरुंगात गेलेले तीन प्राध्यापक. ज्या मुलांनी परवा वसतिगृहाच्या नळांवरून धरणं धरलं त्यांना शिस्तभंगाच्या नोटिसा गेल्या आहेत, त्या नोटिसा ज्या खोलीतून निघाल्या तिच्या बाहेर पन्नास वर्षांपूर्वीच्या धरण्याचा फोटो आहे, त्यावर खास दिवा सोडलेला. जुनं बंड आम्हाला फार आवडतं. त्यातली माणसं मेलेली असतात किंवा माझ्या बाबांसारखी म्हातारी. आमच्याकडे सगळं चर्चेने ठरतं याचाही आम्हाला गर्व. कुंपणाचा रंग काय असावा यावर समिती, समितीने नीट काम केलं का यावर उपसमिती. एका सहकाऱ्याचं नावच दुरुस्तीवाले पडलंय, कारण तो प्रत्येक ठरावाला दुरुस्ती सुचवतो, एकदा शोकप्रस्तावालाही सुचवली होती. मला या सगळ्याचं कौतुक होतं. हुकूम सोडणाऱ्या साहेबापेक्षा वाद घालणारे पन्नास जण बरे, असं मी नवीन येणाऱ्यांना ऐकवत असे. मंगळवारी रात्रभर मात्र डोक्यात एकच तिडीक होती, की हे क्लोजर लावलं कुणी. कुठल्या तरी कंत्राटदाराने, कुलसचिवाने, नाहीतर त्या नवीन कुलगुरूंनी, ज्यांना कागदावर सही करण्यापलीकडे काही येत नाही. नाव कळू दे, मग दाखवते, असं मी अंथरुणात पडल्या पडल्या भाषण तयार करत होते. त्यात चष्मेवाले होते, नियम क्रमांक तीन होता, शेवटी एक टोमणाही होता. भाषण उत्तम जमलं होतं.

बुधवारी सकाळी आधी कॅन्टीनमध्ये गेले. बाई मोरीपाशी होत्या, कोपरापर्यंत फेसात. मी म्हटलं, "काल तुम्ही थांबला नाहीत." त्या म्हणाल्या, "दार लागतं ना आता. आधी वाटलं वाऱ्याने लागलं असेल. मग बघितलं तर सगळीच लागतात." मी म्हटलं, "काच वाजवायची होती." "वाजवून काय म्हणू? मी कपबश्यांची बाई, मला आत घ्या? तसं नव्हतं ना ते. बाहेर उभं राहिलं की कुणाचे उपकार नव्हते." त्यांनी एक कप पालथा घातला. "मागच्या गुरुवारी तुम्ही गिरण्या बंद पडल्याचं अर्धंच सांगितलंत. पुढचं असेल तर लिहून द्या. वेळ झाला तर. नाहीतर राहू द्या." राहू द्या त्यांनी इतक्या सहज म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या जागी मी असते तर कप फोडला असता. मी म्हटलं, मी बघते, आजच बघते. त्या म्हणाल्या, "बघा."

तिथून तडक कुलसचिवांच्या कार्यालयात. साहेब नव्हते, इतिवृत्तं सांभाळणारे कारकून होते. निवृत्तीला आलेले, शांत, कुणाशी वाकड्यात न शिरणारे गृहस्थ. मी उभ्यानेच सुरू केलं. हे कुणाच्या परवानगीने झालं, नियमावली कुणी वाचली आहे का, पन्नास वर्षांच्या परंपरेला असं एका स्क्रूने कुणी टांगलं. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग खुर्ची ओढून पुढे केली, कपाटातून जाड वही काढली, पानं उलटली आणि वही माझ्याकडे फिरवून एका ओळीवर बोट ठेवलं. विद्वत्सभा, मागच्या मार्चमधली. विषय क्रमांक चौदा: ध्वनिनियंत्रण व ऊर्जाबचतीच्या दृष्टीने वर्गखोल्यांच्या दारांचे आधुनिकीकरण. सूचक, इमारत समितीचे निमंत्रक. अनुमोदक म्हणून माझं नाव. एकमताने मंजूर. खाली माझी सही, तीच ती शेवटी गाठ मारलेली. कारकून हळूच म्हणाले, "मला त्याच दिवशी वाटलं होतं तुम्हाला विचारावं. पण तुम्ही घाईत होतात."

मला ती सभा आठवत होती, त्यातला चौदावा विषय सोडून. सभा दोन वाजता सुरू झाली होती. पहिला विषय सुवर्णमहोत्सवाचं घोषवाक्य. 'खुलं दार' म्हणावं की 'मुक्त दार', यावर दोन तास दहा मिनिटं. मी मुक्तच्या बाजूने होते. मी उभी राहिले, चष्मेवाल्यांचं पत्र वाचलं, दार हा शब्द आपल्यासाठी काय आहे यावर बोलले, बोलता बोलता गळा भरून आला. टाळ्या पडल्या. दुरुस्तीवाल्याने दुरुस्ती मागे घेतली, असं पहिल्यांदाच झालं. मग चहा आला, तो गार झाला, कुणाची बस होती, कुणाचा मुलगा शाळेच्या फाटकाशी थांबला होता. उरलेले तेरा विषय पंचवीस मिनिटांत उरकले. आमच्याकडे ठराव वाचल्याशिवाय मताला टाकता येत नाही, आणि त्यावर आम्हीच एक युक्ती शोधून काढली आहे. सभेच्या अध्यक्षबाई म्हणतात, "वाचला असं समजू या?" आणि सगळे म्हणतात, समजू या. चौदाव्याला अनुमोदक मिळेना, कारण सगळे पिशव्या आवरत होते. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मघाच्या भाषणाने खूश होत्या, आणि मी हात वर केला. दारासाठी गळा काढून झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत मी एक्केचाळीस दारं बंद करायला हात वर केला. कुणी डोक्यावर बंदूक धरली नव्हती. कुणी फसवलंही नव्हतं, कागद माझ्या पुढ्यात होता, त्याच्यावर मी चहाचा कप ठेवला होता. रात्री रचलेलं ते भाषण आता कुणापुढे करायचं? कारकुनाने वही मिटली. मला त्याचा राग आला, त्याच्या खुर्ची पुढे करण्याचा, त्याच्या समजूतदारपणाचा, आणि दाराबाहेर पडताना त्या कार्यालयाच्या दाराचाही, कारण ते माझ्या पाठीमागे सावकाश, अदबीने लागलं.

घरी बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. समोर कड्या. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, डाव्या हाताला कंप, तरी एकेक कडी चिंधीने पुसून तेलाचं बोट फिरवून ओळीत मांडत होता. काम झालं त्या दिवशी त्यांनी चष्मेवाल्यांना विचारलं होतं, या कड्यांचं काय करायचं, आणि ते म्हणाले होते, "घरी न्या. इथे ठेवल्या तर कुणीतरी परत लावेल." तेव्हापासून त्या कॅनव्हासच्या पिशवीत बाबांच्या पलंगाखाली आहेत. तीन घरं बदलली, भांडी विकली, शिलाईयंत्र विकलं, पिशवी बरोबर. वर्षातून एकदा तेलपाणी. लहानपणी मला पलंगाखाली जायची भीती वाटायची, कारण पिशवीला पाय लागला की आतून खळ्कन् आवाज व्हायचा. आता प्रदर्शन समितीने त्या मागितल्या होत्या. गुरुवारी चार वाजता सभागृहात बाबांचा सत्कार, कड्या काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप आहे, ते मी स्वतः पाहिलं होतं, तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं.

"चाळीसच भरतायत," बाबा म्हणाले. "एक कुठे गेली?"

"पिशवीच्या शिवणीत असेल. परत द्यायच्याच आहेत का पण? चष्मेवाले म्हणाले होते ना, तिथे ठेवू नका."

"तेव्हाचं वेगळं. तेव्हा भीती होती. आता पन्नास वर्षं झाली, मास्तरीणबाई. आता कोण लावतंय." ते हसले. मला मास्तरीणबाई म्हणताना त्यांचा चेहरा असा होतो की माझ्या नोकरीचा कागद त्यांच्याच खिशात आहे. सत्काराचं पत्र त्यांनी चार वेळा वाचायला लावलं होतं. आयुष्यात त्यांनी शेकडो दारं बसवली, पण ज्याला कुणाला सांगत ते त्या कड्या काढल्याचंच सांगत. मी पिशवी उलटी करून शिवणीत बोटं घातली आणि एक्केचाळिसावी सापडली. आत्ताच सांगावं असं मनात आलं. बाबा, दारं लागतात आता, आणि हात मी वर केला. तोंड उघडलं आणि म्हटलं, "उद्या स्वेटर घाला, सभागृहात गार असतं." त्यांनी मान हलवली आणि शेवटच्या कडीला तेल लावायला घेतलं. सांगायला पाच शब्द लागले असते. पंचेचाळीस मिनिटं न थांबता बोलणारी बाई मी.

गुरुवारचं सभागृह भरलेलं होतं. पडद्यावर दोन हात लांबीचं 'मुक्त दार', माझा विजय. कुलगुरूंनी बाबांच्या हातात फुलं आणि मानपत्र दिलं, म्हणाले, हे आपल्या विद्यापीठाचे पहिले क्रांतिकारक. बाबांनी माईकशी तोंड नेलं आणि म्हणाले, "मी सुतार आहे. सांगितलं ते काम केलं. चांगलं काम होतं." खाली बसले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, अध्यक्षबाई डोळे पुसत होत्या, आणि मला त्या प्रत्येकाला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. तुम्ही सगळे होतात त्या सभेत. एकमताने लिहिलंय. मग आठवायचं की धरायचं तर पहिली कॉलर माझी, आणि राग परत घशात जायचा. सत्कार संपला. बाबा म्हणाले, "चल, तुझा वर्ग बघू. एकदाही बघितला नाही." मी म्हटलं, दमला असाल, रिक्षा करून देते. ते म्हणाले, "तास आहे ना तुझा? मग चल."

वर्गाशी आलो तेव्हा पाच-पंचवीस झाले होते. मी कार्ड लावलं. बाबांनी ती डबी पाहिली. दार ढकलून आत आले आणि ते त्यांच्या मागे लागायला लागलं तसे वळले. तळवा दारावर ठेवला, थोडं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. ताकद अजमावत होते. मग मान वर करून क्लोजरचे स्क्रू पाहिले, चौकटीवरून अंगठा फिरवला, जिथे जुन्या कडीची भोकं त्यांनीच लाकडाचा भुसा आणि सरस भरून बुजवली होती, तिथे थांबले.

"चांगलं बसवलंय," ते म्हणाले. "चौकट फाडली नाही. कुणी बसवलं?"

"कंपनीची माणसं आली होती."

"बसवायला कुणी सांगितलं?"

"ठराव झाला," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"विद्वत्सभेचा."

"बरं," बाबा म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. मुलं यायला लागली होती. मी मागचा बाक दाखवला, म्हटलं, इथे बसा, पंखा आहे. त्यांनी मानपत्राची गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली. "मी बाहेर उभा राहतो. आपली जागा बाहेर होती." आणि ते गेले. दार त्यांच्यामागे सात सेकंद घेऊन लागलं. मी मोजले. टक्.

महोत्सवाच्या आठवड्यात प्रत्येकाने एक तास विद्यापीठाच्या इतिहासावर घ्यावा, असं परिपत्रक होतं. मी सुरू केलं. "या विद्यापीठात पहिल्या वर्षापासून एकाही वर्गाला आतून कडी नव्हती." पहिल्या बाकावरच्या मुलीने ते लिहून घेतलं. मी काचेच्या पट्टीकडे पाहिलं. बाबा भिंतीला टेकून उभे होते, स्वेटर घातलेले, हातात फुलं. कपबश्यांच्या बाई कुठूनशा आल्या, त्यांनी बाबांसाठी स्टूल ठेवलं, ते बसले नाहीत. मग ते काचेच्या जवळ आले आणि त्यांचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही. काम खरंच चांगलं केलं होतं. पण शब्द तीनच होते आणि ते मला पन्नास वर्षांपूर्वी त्यांनीच शिकवले होते. शेजारी बाईंचेही ओठ हलले. शांत वर्गात बसलेल्या तीस मुलांतल्या एकालाही कळलं नाही की बाहेर कुणी काही म्हणतंय.

मी दाराशी गेले. हँडल ओढलं, दार उघडलं, आणि उंबऱ्यावर उभी राहिले. दार लगेच पाठीला भिडलं. मी पाठ दिली. ते न थांबता ढकलत होतं, हा असला जोर मी सहीने विकत घेतला होता, आणि आत मुलं आणि बाहेर हे दोघं, सगळे माझ्याकडे बघत होते. व्हरांड्यातला सगळा गोंगाट आत आला. पहिल्या बाकावरच्या मुलीने कपाळाला आठी घातली. नियम असा आहे की शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायचं.

"या विद्यापीठात पहिल्या वर्षापासून एकाही वर्गाला आतून कडी नव्हती," मी म्हटलं. बाबांकडे बघून म्हटलं. त्यांनी मान हलवली, ऐकू आलं. बाईंनी वही उघडली. "मागच्या मार्चमध्ये दारं बंद करण्याचा ठराव आला. तो कुणी वाचला नाही. त्याला अनुमोदन मी दिलं."

बाबांचा हात फुलांच्या दांड्यांवर होता.  दार पेलून माझा खांदा दुखायला लागला होता. मग ते म्हणाले, "ऐकू येत नाही."

त्यांना ऐकू आलं होतं. मी ते वाक्य पहिल्यापासून, सावकाश, पुन्हा म्हटलं.